शेवटचा तुकडा

घरात लॅब्राडॉरचं पिल्लू येणार म्हटल्यावर आमच्याकडे सगळ्यात आधी चपला उंचावर गेल्या. मग मोबाइलच्या चार्जरच्या वायरी, मग मुलीचे पायमोजे, मग सासूबाईंची जपाची माळ. सासूबाई हे सगळं बघत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "सगळं उचलून ठेवलंत, बरं केलंत. पण ते पोर चावणार काय? भिंत?"

हा प्रश्न आम्हाला पुढे बरेच दिवस पुरला. चंपीच्या वेळी तो पडलाच नव्हता. चंपी आमची थोरली, साताऱ्याच्याच रस्त्यावरची गावठी कुत्री. घरी आली तेव्हा चांगली मोठी होती, चार टक्केटोणपे खाऊन आलेली. तिच्यापुढे काही टाकलं तर ती आधी हुंगते, मग जीभ लावून बघते, मग पुढच्या दोन पायांत धरून कडेकडेने कुरतडते आणि कंटाळा आला की कुंडीमागे पुरून येते. नवं पिल्लू, म्हणजे लाडू, याच्या अगदी उलट. त्याच्या तोंडात गेलेली वस्तू पुन्हा बाहेर दिसेल याची खात्री देता येत नाही. लॅब्राडॉर हावरट असतात हे सगळेच म्हणतात. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचं एक कारणही दाखवून दिलं: भुकेवर लगाम ठेवणाऱ्या पीओएमसी नावाच्या जनुकाचा थोडा भाग सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये गळालेला असतो. लाडूच्या जनुकांची तपासणी कोणी केलेली नाही, पण निकालाबद्दल आमच्या घरात दुमत नाही.

पिल्लं चावतात ती खोडी म्हणून नव्हे, त्यांचे दात येत असतात म्हणून. पिल्लाला दुधाचे दात २८, त्यात मागच्या दाढा नसतातच. साधारण साडेतीन-चार महिन्यांचं झालं की हे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी पक्के ४२ येतात. माणसाला बत्तीशी पुरी व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, इथे सगळा कारभार एका ऋतूत उरकतो. हिरड्या इतक्या शिवशिवत असतात की त्या काळात लाडू पलंगाचा पाय, केरसुणी, माझी कोपरं, काहीही धरायचा. पडलेले बहुतेक दात पिल्लं गिळून टाकतात, त्याने काही बिघडत नाही. एक दात मात्र पायपुसण्यात मुलीला सापडला. तो तिने कानातल्यांच्या डबीत जपून ठेवलाय.

या काळातला पहिला उपाय सासूबाईंचाच. त्यांनी जुन्या नऊवारीचं सुती फडकं फाडलं, ओलं करून पिळलं, मधे एक घट्ट गाठ मारली आणि फ्रीजरमध्ये टाकलं. "पोरांचे दात येताना गार काही दिलं की गप व्हायची," एवढंच त्यांचं शास्त्र. लाडूने ते दोन पायांत धरलं आणि घरात कितीतरी वेळाने शांतता झाली. पुढे डॉक्टरांनीही हेच सांगितलं: गारठ्याने हिरडी बधिरते, मऊ कापडाने दाताला इजा होत नाही. अट एकच, आपण शेजारी बसायचं आणि धागे सुटायला लागले की फडकं काढून घ्यायचं. गाजरही असंच गार करून द्यायला लागलो. जाडजूड आणि अख्खं. गाजराच्या चकत्या चंपीसाठी ठीक, ती चावते. लाडू चकत्या सरळ गिळतो, आणि गोल चकती घशात नेमकी बसते.

मग आम्ही दुकानात गेलो. प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात शिरलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या रंगीत काड्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, बरणी भरून ठेवलेल्या, सुट्ट्या विकायला. 'मंचीज' म्हणतात त्यांना. शेजारी हाडाच्या आकाराच्या, दोन्ही टोकांना गाठ मारलेल्या पांढुरक्या वस्तू. दुकानदार म्हणाला, "न्या ताई, सगळे हेच नेतात. दात पण साफ होतात." कशाचं आहे विचारलं तर म्हणाला, "कॅल्शियमचं." नवऱ्याने पाकीट उलटं केलं. बारीक अक्षरात म्हशीचं कातडं असं लिहिलेलं होतं.

सासूबाई माळकरी आहेत. घरात मटण शिजतं ते मागच्या पडवीत, वेगळ्या भांड्यात. त्यांच्या देवघरासमोरच्या चटईवर लाडू म्हशीचं कातडं चघळत बसणार, ही कल्पना त्यांना मानवली नाही. मला मात्र वेगळीच उत्सुकता लागली. कातडं तर चपलेचंही असतं, मग चप्पल वाईट आणि हे चांगलं कसं? शोधत गेले तर फरक कळला. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेलं असतं, म्हणून ते पावसात भिजलं तरी त्याचा लगदा होत नाही. कुत्र्यांसाठीचं हे कातडं कमावलेलंच नसतं. जनावराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सोडवतात, वरचा थर चामड्याच्या धंद्याला जातो, आतला थर उरतो. तो धुऊन, बऱ्याचदा हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करून, ओला असतानाच गुंडाळतात, गाठी मारतात आणि वाळवतात. रंगीत काड्या म्हणजे त्याचाच चुरा दाबून केलेल्या. नमुन्याला आणलेली एक काडी लाडूने फरशीवर चघळली, त्याचे लाल डाग कितीतरी दिवस निघाले नाहीत.

गाठीच्या हाडाचा एक तुकडा मी रात्री पाण्याच्या पेल्यात टाकून ठेवला. सकाळी तो फुगून पेल्यात घट्ट बसला होता, बोटांना लिबलिबीत लागत होता आणि चिवट इतका की सुरीनेही नीट तुटेना. पोटातही तो असाच फुगणार. चंपीला असं हाड दिलं असतं तर तिने आठवडाभर कडा झिजवल्या असत्या. लाडूचं लक्ष सुरुवातीपासून गाठीवर असायचं, कारण गाठ सुटली की ती अख्खी गिळता येते. राहिलेलं सामान दुकानात परत गेलं. दुकानदाराला ते आवडलं नाही.

लस द्यायला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर लोणच्याची काचेची बरणी दिसली. आत लोणचं नव्हतं. कुत्र्यांच्या पोटातून शस्त्रक्रिया करून काढलेल्या वस्तू होत्या: आंब्याची कोय, मक्याच्या कणसाचा तुकडा, लहान मुलाचा पायमोजा, दाबल्यावर वाजणाऱ्या खेळण्यातली प्लॅस्टिकची शिट्टी, नायलॉनच्या दोरीचा गुंता. "प्रदर्शन नाही हे," डॉक्टर म्हणाले, "नुसतं सांगितलं की लोक मान डोलावून घरी जातात. दाखवलं की लक्षात ठेवतात."

मला त्यातलं कणीस सगळ्यात जास्त खटकलं, कारण ते इतकं ओळखीचं होतं. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटाने कासकडे निघालं की जागोजागी शेगड्या आणि भाजकी कणसं. लिंबू, तिखट, मीठ. लोक दाणे खातात आणि उरलेलं कणीस दरीकडे भिरकावतात, ते बरेचदा रस्त्याकडेलाच पडतं. त्याला मीठ-लिंबाचा वास असतो, कुत्रं ते सोडत नाही. कणीस कुत्र्याला पचत नाही. गिळलेला तुकडा पोटात काही दिवस, कधी काही आठवडेही निवांत पडून राहतो, आणि एके दिवशी आतड्यात सरकून अडकतो. तोवर घरातले लोक ते कणीस कधीच विसरलेले असतात. एक्स-रेमध्ये हाड, दगड, धातू ठळक दिसतात. कोय, कणीस, कापड नीट दिसेलच असं नाही, मग सोनोग्राफी करावी लागते. खाणं बंद, पुन्हा पुन्हा उलट्या, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि मागचा भाग वर अशी विचित्र बैठक: यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

दोरीचा गुंता त्यांनी बाहेर काढून दाखवला. दोरी, लोकर, साडीचा धागा, मोज्याचा उसवलेला धागा, या सगळ्यांची एकच तऱ्हा. एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, दुसरं आतड्यात पुढे जात राहतं. आतडं त्या धाग्यावर गोळा होतं, परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापडाच्या चुण्या पडाव्यात तसं, आणि मग ताणलेला धागा आतड्याला आतून कापतो. "म्हणून ताई, कुत्र्याच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. तसंच माझ्याकडे आणायचं." घरी आल्यावर दुकानातून आणलेला रंगीत दोऱ्यांचा गोफ मी कचऱ्यात टाकला. पाकिटावर त्याला दातांचा ब्रश म्हटलेलं होतं.

त्या बरणीनंतर माझं वस्तू निवडणंच बदललं. बरणीतली एकही वस्तू सुरुवातीला धोक्याची नव्हती. आंबा बाधत नाही, कोय बाधते. दाणे बाधत नाहीत, कणीस अडकतं. खेळणं अख्खं असताना मजेचं, फाटल्यावर आतली शिट्टी घशात. कातड्याचं हाड गाठीशी येऊन थांबतं तेव्हाच ते गिळण्याजोगं होतं. तेव्हापासून दुकानात कोणतीही वस्तू हातात घेतली की मी तिचा शेवटचा तुकडा डोळ्यांपुढे आणते. हिचे दोन तृतीयांश संपल्यावर काय उरेल? आणि ते उरलेलं या विशिष्ट कुत्र्याच्या घशातून जाईल का? चंपीसाठी आणि लाडूसाठी याची उत्तरं बहुतेक वेळा वेगळी येतात.

हाडांवरून मात्र घरात रणधुमाळी झाली. दर रविवारी नवरा मटण आणतो आणि दुकानातले चाचा न मागता एक नळी वर टाकतात, "घ्या, कुत्र्याला." नवऱ्याचं म्हणणं, कुत्र्याने हाड नाही खायचं तर कोणी खायचं? आणि या एका बाबतीत माळकरी सासूबाई लेकाच्या बाजूने. "गावाकडं आमचा खंड्या हाडं खाऊनच म्हातारा झाला." शिजलेलं हाड ठिसूळ होतं, फुटलं की सुळ्यासारख्या कपच्या निघतात, कोंबडीचं तर नकोच, इथवर त्यांनाही मान्य होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०१७ मध्ये दुकानात कुत्र्यांसाठी मुद्दाम विकल्या जाणाऱ्या भाजलेल्या, धुरावलेल्या हाडांबद्दल इशारा दिला होता. त्यांच्याकडे सुमारे सात वर्षांत अंदाजे ६८ तक्रारी आल्या होत्या, त्यात सुमारे ९० कुत्री आजारी पडली आणि १५ दगावली. मी हे वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "ते भाजलेलं. आपण कच्चं देऊ."

कच्चं हाड चटकन कपच्या सोडत नाही हे खरं. पण त्यावरचे साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याला पचले तरी त्याच्या लाळेतून घरभर फिरतात, आणि ज्या घरात मुलगी लाडूच्या गळ्यात पडून झोपते तिथे हे चालणार नाही. शिवाय नळीचा कडकपणा. कसाई नळीचे आडवे गोल तुकडे करतो. मधला मगज चाटता चाटता हे कडं खालच्या जबड्यावर, सुळ्यांच्या मागे जाऊन बसतं आणि निघत नाही. डॉक्टरांनी अशी कडी करवतीने कापून काढलेली आहेत. शेवटी नवऱ्यानेच आईला विचारलं, "खंड्या जगला. पण दर वर्षाला एखादं कुत्रं मरायचं, त्याला आपण काय म्हणायचो?" सासूबाई म्हणाल्या, "बाधलं म्हणायचो. तवा डॉक्टर कुठं होता?" हा त्यांचा होकार समजून आम्ही पुढे गेलो. चाचांची नळी आता आमच्या रश्श्यातच जाते.

कडक वस्तूंच्या बाबतीत माझी शेवटच्या तुकड्याची कसोटी लंगडी पडते. त्या झिजतच नाहीत, म्हणून शेवटचा तुकडा येत नाही, आणि म्हणूनच लोकांना त्या टिकाऊ आणि सुरक्षित वाटतात. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर एल्कच्या शिंगाचा तुकडा दाखवला. तिकडे शिंगं, गाईचे खूर सर्रास विकले जातात. "येताना आणू का मामी? वर्षभर पुरेल." हरणांच्या शिंगांचा व्यापार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे, गळून पडलेल्या शिंगांचाही. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं, आणि त्याचं कारण चंपी.

कुत्र्याचा जबडा वरखाली चालतो, आपल्यासारखा आडवा फिरून दळत नाही. सगळा जोर एका जागी येतो, वरच्या चौथ्या उपदाढेवर. ती खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला कात्रीत धरते. त्यांच्या दातावरचं कवच आपल्यापेक्षा पातळ असतं. दगड, शिंग, खूर यांवर ही कात्री चालवली की दाताची एक चीर उभी निघून येते आणि आतली नस उघडी पडते. चंपी रस्त्यावर असताना दगड चावायची. भूक असेल, कंटाळा असेल. आमच्याकडे आली तेव्हा ती एका बाजूनेच खात होती. कण्हणं नाही, रडणं नाही. कुत्री दातदुखी फार सोसतात. भूल देऊन तिची ती दाढ काढावी लागली. तेव्हा डॉक्टरांनी शिकवलेली परीक्षा सोपी आहे: वस्तूवर अंगठ्याचं नख जोरात दाबायचं, थोडी तरी खूण उठली पाहिजे. आणि ती स्वतःच्या गुडघ्यावर आपटायची भीती वाटत असेल तर ती कुत्र्याच्या तोंडात द्यायची नाही. मी दुकानात उभी राहून नखं दाबत असते, त्याचीही आता दुकानदारांना सवय झालीय.

या परीक्षेत छुर्पी नापास होते, आणि त्याचं मला वाईट वाटतं. हिमालयातलं हे चीज याक किंवा गाईच्या दुधाचं, घट्ट दाबून, धुरावर वाळवून दगडासारखं केलेलं. नेपाळात माणसं ते तासन्‌तास तोंडात घोळवतात. कुत्र्यांसाठीच्या छुर्पीत दूध, लिंबाचा रस आणि मीठ एवढंच असतं, म्हणून सासूबाईंनी ती तत्काळ मंजूर केली. वासाने चंपी देखील उठून बसली. पण नखाची खूण म्हणाल तर शून्य. काही डॉक्टर चालेल म्हणतात, काही नको म्हणतात. आमच्याकडे तडजोड अशी: चंपीला नाही, तिचे दात आधीच झिजलेले. लाडूला पक्के दात आल्यावर, सगळ्यात मोठ्या मापाची, आपल्यासमोर, पाव तासापेक्षा जास्त नाही. बोटाएवढी उरली की जप्त. तो उरलेला तुकडा थोडा भिजवून मायक्रोवेव्हमध्ये टाकला की फुलून कुरकुरीत होतो, मग तो देता येतो. छुर्पी ही बहुधा एकच गोष्ट, जिच्या शेवटच्या तुकड्यावर कोणीतरी तोडगा काढलाय.

आमच्या घरात खऱ्या अर्थाने टिकलं ते रबर. त्याचा जन्मही दगड चावणाऱ्या कुत्र्यामुळेच झालेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा जर्मन शेफर्ड, नाव फ्रिट्झ, दगड चावून दात झिजवून घेत होता. मार्कहॅम आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत असताना त्याने सस्पेन्शनचा एक रबरी भाग बाजूला टाकला आणि फ्रिट्झने दगड सोडून तो उचलला. त्यावरून पोकळ, फुगीर आकाराचं 'काँग' हे खेळणं आलं. मी ही हकिकत गल्लीतल्या गॅरेजवाल्याला सांगितली तर त्याने लगेच जुन्या टायरचा तुकडा कापून दिला. हौस समजू शकते, पण टायरमध्ये पोलादी तारा असतात. तो तुकडा मी कुंडीखाली ठेवलाय.

रबरात पाहायचं ते मापाकडे. लाडू चार महिन्यांचा असताना घेतलेलं खेळणं आठ महिन्यांच्या लाडूच्या घशात जाईल एवढं लहान झालं. पिल्लांसाठी वेगळं मऊ रबर मिळतं, मोठ्या जबड्यासाठी कडक, आणि पाकिटावर कुत्र्याचं वजन लिहिलेलं असतं, ते खरंच वाचायचं असतं. पोकळ खेळण्याला दोन भोकं हवीत. एकच असेल तर आतली हवा ओढली जाऊन जीभ अडकू शकते. आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. कुत्र्यांची खेळणी त्या आदेशात बसत नाहीत, त्यामुळे नख, नाक आणि डोळे हेच आपले निरीक्षक. रबराचा उग्र वास येत असेल किंवा रंग ओल्या फडक्याला लागत असेल तर मी परत ठेवते.

याच मापाच्या गणिताने गल्लीतलं क्रिकेट बिनसलं. पोरं टेनिसच्या चेंडूने खेळतात, लाडू त्यांचा हक्काचा क्षेत्ररक्षक. पिल्लू असताना चेंडू तोंडात जेमतेम मावायचा. मोठा झाल्यावर तो गालात गायब व्हायला लागला. भिजलेला, लाळेने बुळबुळीत चेंडू मोठ्या कुत्र्याच्या घशाशी बसला तर श्वासच बंद. शिवाय त्यावरच्या लवेत अडकलेली माती दात घासून काढते. त्याला संघातून काढल्यावर पोरं माझ्यावर नाराज झाली. आता त्याला वेगळा मोठा चेंडू आहे आणि तो सीमारेषेबाहेर बसून अपील करतो.

काँगमध्ये आम्ही दहीभात भरतो. फोडणी नाही, मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबातच नाही. कधी शिजवलेला लाल भोपळा. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला की सकाळी अर्धा तास निघतो, तेवढ्यात माझे डबे होतात. एकदा सासूबाई त्यावर मूठभर बेदाणे पेरायला निघाल्या. आमचे पाहुणे तासगावचे, घरात बेदाण्यांची ददात नसते. मी हात धरला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधतील हे प्रत्येक कुत्र्यागणिक बदलतं. अलीकडे संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून अंगणात पडलेल्या चिंचाही मी वेचून टाकते. सासूबाईंना बेदाण्यांचं पटायला वेळ लागला, "सुकामेवा कधी बाधतो का?" पण त्यांनी डबा बंद केला. शेंगदाण्याचं लोणी भरायचं असेल तर त्यात झायलिटॉल नाही ना, हे बघून घ्यावं लागतं. साखर नसलेल्या पदार्थांतली ही गोडी कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली आणते.

बागेतली काठी हा फुकटचा मोह. सिनेमात लोक कुत्र्याला काठी फेकतात. धावत्या कुत्र्याने मातीत रुतलेली काठी उचलताना ती टाळूत घुसते, कपच्या हिरडीत राहतात. आमच्याकडे तर कुंपणाला कण्हेर होती. कण्हेरीचं पान, फूल, फांदी, सगळंच विषारी. कण्हेर उपटली, सोसायटीच्या दारातलं तसलंच विषारी सायकस हलवायला लावलं. त्यावर सभेत भाषणं झाली, ती इथे देत नाही.

इतकं करूनही नको ती वस्तू तोंडात जायचीच. तेव्हा मागे धावलं की लाडू पळतो, आणि कोपऱ्यात सापडला की गिळतो. वस्तू जायची तर पोटात जावी, परत का द्यावी, असा त्याचा हिशेब. तोंडात बोटं घालून हिसकावण्यापेक्षा अदलाबदल बरी, हे डॉक्टरांनीच सांगितलं. त्याच्याकडे मोजा असेल तर आपण हातात गाजर घेऊन शांतपणे बसायचं, "दे" म्हणायचं, मोजा खाली पडला की गाजर द्यायचं. आधी त्याच्याच खेळण्यांवर याचा सराव केला. खेळणं घेतलं, गाजर दिलं, आणि खेळणंही परत दिलं, म्हणजे देण्यात नुकसान नाही हे त्याला पटलं. वस्तू गिळलीच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही. शेजारच्या काकू हा उपाय अजूनही सुचवतात, पण मिठाने उलट कुत्र्याच्या जिवावर बेततं. फोन करायचा, काय आणि किती गिळलं ते सांगायचं, डॉक्टर सांगतील ते करायचं.

अदलाबदल लाडूला इतकी पटली की त्याने तिचा धंदा केला. गेल्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, कोपऱ्यात नारळांची रास. नारळाची शेंडी म्हणजे नुसते धागे, म्हणून मी आल्यागेल्याला बजावत होते की नारळ खाली ठेवू नका. आरतीच्या गडबडीत कोणाचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात लाडू उभा, तोंडात शेंडीसकट नारळ धरलेला, एकही धागा तोडलेला नाही. नारळ त्याने माझ्या पायाशी ठेवला आणि फ्रीजकडे बघायला लागला. गाजर दिलं. पाच मिनिटांत दुसरा नारळ आला. तिसऱ्या नारळाला सासूबाई म्हणाल्या, "अगं, आता गाजरं संपली तर काय?" आणि परातीतला एक उकडीचा मोदक उचलून त्यातलं सारण काढून ठेवायला लागल्या, नुसती पारी त्याला द्यायला.